उजेडावर हात

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदुरातल्या भंवरकुआंला क्लासमध्ये होते. फळ्यावर समीकरण अर्धं लिहून झालं होतं आणि मुलं पुढचं अर्धं मी लिहीन म्हणून पेनं उचलून बसली होती. क्लासमध्ये मी फोन घेत नाही, कुणाला घेऊही देत नाही. पण नाव केतकीचं होतं, दादाच्या मुलीचं, आणि ही पोरगी आत्याला फोन म्हणून करत नाही, सगळं मेसेजवर. "आत्या, बाबा उठतच नाहीयेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "डॉक्टर येऊन गेले..." मी खडू ठेवला, मुलांना घरी जायला सांगितलं आणि रिक्षात बसले. रिक्षावाला रस्ताभर कुठल्यातरी नव्या उड्डाणपुलाला शिव्या घालत होता आणि मी त्याला हो हो म्हणत होते. डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. आता आईला त्या क्षणी पाहिलेलं कुणीच उरलं नाही. सख्खा भाऊ गेल्यावर बाईच्या मनात आधी हे यावं, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, पण आलं ते आलं. ते समजायला जरा मागे जावं लागेल.

माझा भाऊ सुधीर इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांना 'कॅसेटवाले भिया' म्हणून माहीत होता. आमचे आजोबा रेल्वेत कारकून म्हणून इकडे आले, वडील गिरणीच्या ऑफिसात होते, आणि दादानंही कुठंतरी चिकटावं अशी सगळ्यांची इच्छा होती. त्यानं चिकटायचं नाव काढलं नाही. बीएस्सी झाला आणि खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन लग्नं, मुंजी, साखरपुडे करत हिंडू लागला. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर त्यानं घरच्याच पुढच्या खोलीत जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम सुरू केलं. माणूस गुणी होता, पण नम्र बिम्र अजिबात नव्हता. आपल्याइतकं या धंद्यातलं इंदुरात कुणाला कळत नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि गिऱ्हाइकाला खुर्ची देण्याआधी लेक्चर द्यायचा. लोक यायचे, म्हणायचे, "भिया, अपने को तो व्हॉट्सअपवर जायला पाहिजे, बस." की हा सुरू झालाच. "व्हॉट्सअपवर जाईल, पण मग तुमचे बाबा ओळखू येणार नाहीत, चालेल? बोला, चालेल?"

मलाही त्यानं ते लेक्चर अनेकदा दिलेलं आहे, त्यामुळे पाठ आहे. चित्र म्हणजे प्रवासाचं सामान आणि फाईल म्हणजे बॅग. बॅग लहान घेतली तर काहीतरी घरी ठेवावं लागणार, आणि काय ठेवायचं हे मशीन ठरवतं. मशीनला आपल्या नात्यांशी काय देणंघेणं. जे हलतं, जे चमकतं, त्याला ते जागा देतं. जे सावलीत गप्प बसलेलं असतं, त्यातलं बारीकसारीक काढून टाकतं आणि तिथं एक सरसकट रंग फासून मोकळं होतं. आपल्या हातात एक आकडा असतो. तो वाढवला की फाईल लहान होते आणि चित्र पुसट, उतरवला की चित्र चांगलं आणि फाईल अवजड. "बस, इतनी सी बात है छोटी," तो म्हणायचा, "पण हा आकडा ठरवण्यात माणसाची परीक्षा होते." मी साठीला टेकले तरी त्याच्यासाठी छोटीच होते.

आधी त्याची कसोटी अक्षतांची असे. मंगलाष्टकं चालू असताना चित्रात काही हलत नाही, सगळे हातात तांदूळ घेऊन उभे. आणि मग शेवटचं 'सावधान' होतं आणि एकदम शेकडो दाणे उडतात. त्या क्षणी सेटिंग कमी पडलं की चित्र फुटतं, नवरानवरीच्या तोंडावर चौकटी येतात. म्हणून दादा कुठलीही फिल्म आली की आधी अक्षता गाठायचा. तिथं टिकलं की बाकी सगळं टिकतं, असा त्याचा नियम होता. इतर स्टुडिओवाले वधूचा क्लोजअप बघून सेटिंग ठरवत, त्यांना हा हसायचा.

माझ्या लग्नाच्या फिल्ममध्ये मात्र अक्षताच नाहीत. त्यालाही कारण दादाच.

माझं लग्न आमच्या मनानं ठरलेलं. मनोज माझ्याच कॉलेजात शिकवायचे, घर अस्सल माळव्यातलं, घरात हिंदी. वडिलांनी दोनचार महिने तोंड वाकडं करून होकार दिला. आईनं होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, बोलणंच टाकलं. ताटात वाढायची, पण बोलायची नाही. लग्नाची सगळी तयारी तिनं केली, रुखवताचे लाडू वळले, माझ्या साडीला फॉल लावला, पण एक शब्द नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की लग्न लागताना मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते. मांडव घरासमोर होता. अंतरपाट धरला गेला तेव्हा मी पाहिलं, आई लोटा घेऊन घराच्या बाजूच्या बोळातून मागे चालली होती. आता ती रीत म्हणून गेली की माझं लग्न बघायचं नव्हतं म्हणून गेली, हे मला कळायला मार्ग नव्हता. रीतीचा हाच एक सोयीचा भाग असतो, तिच्याआड काहीही लपवता येतं.

शेवटच्या मंगलाष्टकाला दादाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कॅमेरा उचलला आणि तोही बोळातून मागे गेला. ऐन लग्नाचा फोटोग्राफर लग्न सोडून पळाला! त्यामुळे अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, टाळ्या झाल्या, ते सगळं फिल्मवर फक्त ऐकू येतं. दिसते ती तुळशीपाशी बसलेली आई. सासरी माझी यावरून वर्षानुवर्षं थट्टा झाली. "बहू की शादी का तो सबूत ही नहीं है," सासरे म्हणायचे. मी दादावर चिडायची ती चिडायचीच. तो एवढंच म्हणायचा, "तिकडे सगळे होते गं. इकडे कोणीच नव्हतं."

लग्नानंतर आई बोलू लागली. लोणच्याबद्दल, गॅसच्या नंबराबद्दल, माझ्या सासूच्या गुडघ्यांबद्दल. त्या अबोल्याबद्दल कधीच नाही, आणि मीही विचारलं नाही, म्हटलं आहे अजून वेळ. काही वर्षांनी ती एका सकाळी भाजी निवडताना बसल्या जागी गेली. वेळ संपला. मग मी दादाला विचारलं. "तू होतास तिथे. कशी होती ती? रडत होती?" तो म्हणाला, "हसली होती." मला खरं वाटलं नाही. माझं समाधान करायला तो असं सांगू शकतो, हे मला माहीत होतं. म्हटलं, फिल्म लाव, बघू.

आणि इथं ती चूक झालेली होती. कॅसेटची सीडी करायची लाट आली तेव्हा दादानं घरच्या कॅसेटी आधी केल्या. सगळं लग्न एकाच डिस्कमध्ये बसवायचं होतं, कारण नातेवाइकांना एकच डिस्क हवी असते, दुसरी कुणी लावत नाही. अक्षता तर नव्हत्या, मग त्यानं सगळ्यात जास्त हलणारी जागा शोधली. ती म्हणजे माझी वरात, घोडी, बँड आणि मनोजचे झाडून सगळे मामा, काका, मावसभाऊ जरीचे फेटे घालून नाचताहेत. ते चित्र फुटू नये म्हणून बॅगेतली सगळी जागा त्यांना दिली. घरच्या लहान टीव्हीवर लावून बघितलं, वरात झकास, पंगत झकास. तुळशीपाशी त्यानं थांबून बघितलंच नाही. "ते मला पाठच होतं गं," हे त्यानं मला नंतर सांगितलं, दुसरीकडे बघत. आणि मग आमच्या घराची सवय, वाया काही घालवायचं नाही. डिस्क झाली, आता कॅसेट कशाला अडवायची? तीच कॅसेट त्यानं पुसून एका मामेभावाच्या मुलाच्या मुंजीला वापरली. आई असती तर शाब्बास म्हणाली असती.

मोठ्या पडद्यावर लावलं तेव्हा दिसलं. अंगणाच्या डाव्या बाजूला बोळाचं तोंड, तिथून मांडवाकडचा लख्ख उजेड येतोय. उजवीकडे सावली, सावलीत तुळस, तुळशीपाशी आई. साडीचा काठ कळतो, बांगड्या कळतात, पितळी लोटा तर चकचकीत कळतो. आणि चेहऱ्याच्या जागी एक गुळगुळीत गव्हाळ डाग. तो डाग बोलतोसुद्धा. "अरे, इकडे काय करतोस? जा, तिकडे जा," असा आईचा आवाज येतो. ती हसून बोलतेय की रडवेली होऊन, हे त्या आवाजावरून सांगता येत नाही. आईचा आवाज नेहमीच तसा होता, अर्धा रागाचा. मी दादाला म्हटलं, "माझ्या सासरच्यांच्या नाचानं माझ्या आईचा चेहरा खाल्ला." बोलून गेले. त्यानं नुसती डिस्क काढून पाकिटात घातली. नेहमी माझ्या एका वाक्याला दहा वाक्यं ऐकवणारा माणूस.

त्यानंतर त्याची कसोटी बदलली. अक्षता सुटल्या. आता तो कुणाचीही फिल्म आली की पडद्याच्या उजेडाच्या भागावर आपला डावा हात आडवा ठेवायचा, अगदी काचेला टेकवून, आणि फक्त अंधाराकडे बघत बसायचा. "उजेड तर सगळ्यांनाच दिसतो, इसमें क्या है. सावलीत कोण बसलंय ते बघ." कोपऱ्यातल्या विधवा आत्या, खांबाआड उभे राहिलेले स्वैपाकी, आंदणाच्या भांड्यांमागे झोपलेलं मूल, यांच्यासाठी तो आकडा उतरवत जायचा, फाईल फुगत जायची आणि गिऱ्हाईक कुरकुरत जायचं. कितीतरी लोक त्याला सोडून दुसरीकडे गेले. वहिनी होती तोवर ती त्याला समजवायची, ती गेल्यावर तेही संपलं.

आणि फावल्या वेळात तो आमचं ते तुळशीचं चित्र घेऊन बसायचा. नवं सॉफ्टवेअर आलं की त्यातून काढ, आकडा अगदी तळाला नेऊन काढ, रंग वर घेऊन काढ. एकदा फेकलेलं परत मिळत नाही, हे गिऱ्हाइकांना ठणकावून सांगणारा हाच माणूस. रविवारी मी गेले की मला खुर्चीत बसवायचा, उजेडावर हात ठेवायचा आणि विचारायचा, "दिसतंय का?" मी बघायची. डाग तो डागच. "नाही रे दादा." मग तो पोहे आणायला बाहेर पडायचा. मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा, कधी रागही यायचा, की झालं ना आता, किती उगाळायचं... पण खरं सांगायचं तर मीही दर वेळी आशेनंच बघायची.

आमची शेवटची भेट त्याच खोलीत झाली. दादाचं हृदय थकलं होतं, जिना बंद केला होता, केतकी बंगळूरहून येऊन घरून काम करत होती. पोरगी हुशार आणि प्रेमळ. बाबांना इतकी वर्षं जे जमलं नाही ते आपण करून दाखवावं, म्हणून तिनं ती फाईल एआयला घातली. आम्हाला दोघांना समोर बसवलं. "देखो तो सही, आत्या! एकदम क्लिअर."

खरोखर क्लिअर होतं. तुळशीचं पान न् पान दिसत होतं. आणि लोट्यावर झुकलेली एक बाई, नाकीडोळी नीटस, भुवया रेखीव, आमच्याकडे बघून गोड हसत होती. दादा खूप वेळ बघत राहिला. सवयीनं त्याचा हात उठला आणि उजेडावर टेकला.

"ही कोण?" तो म्हणाला.

"बाबा, आजी! स्माइल पण आलीये बघा ना."

"ही आपली आई नाही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, तूच तर म्हणायचास हसली होती म्हणून."

"हसली होती. पण अशी नाही."

"मग कशी?"

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. शब्द सापडेनात, तेव्हा आपल्याच तोंडावर ते हसू आणून बघितलं. ओठाची एक बाजू जराशी ओढली, डोळे बारीक केले, मान कलती केली... सत्तरीचा माझा भाऊ आपल्या आईसारखं हसू बघत होता आणि ते त्याला येत नव्हतं. मग तो दमला. "नाही येत सांगता, छोटी. और तू भी ना, हमेशा चेहराच बघतेस," असं म्हणून त्यानं डोळे मिटले. केतकीचा चेहरा पडला होता, मी तिला चहा करायला घेऊन गेले. त्यानंतर दादाशी बोलले ते फोनवर, औषधांबद्दल.

तो गेल्यावर त्या बाईचं राज्य सुरू झालं. केतकीनं चांगल्या मनानं एआयच्या फिल्ममधून त्या बाईचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, आणि तेराव्याला तर दादाच्या हारातल्या फोटोशेजारी मोठा करून ठेवला. लोक येत होते, हात जोडत होते, म्हणत होते, "हुबेहूब काकू!" ज्यांनी काकूला कधी पाहिलं नव्हतं तेही म्हणत होते. सुतकात पोरीला कुठं बोलायचं. पण घरी येऊन डोळे मिटले की मला ती रेखीव भुवयांची बाई दिसायला लागली. आईची आठवण काढावी तर हीच हसत पुढे यायची. मी अक्षरशः घाबरले. वडील नाहीत, दादा नाही, आता आईचा हसताबोलता चेहरा घरात फक्त माझ्या डोक्यात शिल्लक, आणि तिथेही कुणीतरी तो पुसून वर दुसरं भरतंय.

मागच्या आठवड्यात केतकीनं बोलावलं. तिला परत जायचं होतं, खोली आवरायची होती. कपडे दिले, भांडी वाटली, आणि ती कॉम्प्युटरपाशी येऊन बसली. "आत्या, या आजीच्या फाइली बघा, बाबांनी किती बनवून ठेवल्यात. सगळ्या सेमच आहेत, और इतनी हेवी. मी एआयवाली ठेवते, बाकी उडवू?" तेवढ्यात कामवाल्या मावशी ओला फडका घेऊन आल्या आणि मॉनिटर पुसायला लागल्या. "कितना गंदा कर रखा था भैयाजी ने," त्या म्हणाल्या. मी पाहिलं, पडद्यावर डावीकडे तेलकट पंजाचा डाग होता. वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलेला हात. मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की मावशी दचकल्या.

केतकीला म्हटलं, लाव, बाबांची लाव. सगळ्यात जड आहे ती.

मी दादाच्या खुर्चीत बसले आणि आपला हात त्या डागावर ठेवला. माझा पंजा लहान, पण बोळाचा उजेड बरोब्बर झाकला गेला. मंगलाष्टक चालू होतं. सवयीनं नजर त्या गव्हाळ डागाकडे गेली, आणि दादाचं वाक्य आठवलं, हमेशा चेहराच बघतेस. म्हणून मी नजर खाली घेतली, सावलीच्या अगदी तळाशी, जिथं लोटा होता. लोट्यातून पाण्याची धार तुळशीच्या मुळाशी पडत होती, सरळ, शांत. आई म्हणाली, "अरे, इकडे काय करतोस? जा, तिकडे जा." मग 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली आणि धार हलली. ती कुंडीच्या काठावर आली, काठावरून बाहेर फरशीवर पडू लागली, आणि पडतच राहिली. हात तुळशीवर होता, पण लक्ष तिथं नव्हतं. मी वर पाहिलं. चेहरा नाहीच, पण अंबाडा दिसतो. आत्तापर्यंत डोक्यामागे लपलेला अंबाडा आता उजव्या बाजूला दिसत होता. म्हणजे मान फिरली होती, बोळाकडे, माझ्या हाताखाली झाकलेल्या उजेडाकडे. मांडवाकडे.

मी हात काढला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. केतकीला दाखवलं. उघड्या उजेडात ते नजरेला येतच नाही, झाकला की येतं. मग मी ती एआयवाली लावायला सांगितली. तिच्यात बाई शेवटपर्यंत आमच्याकडेच बघत हसते आणि धार आपली नीट तुळशीत पडते. मशीनला वाटलं असेल, पाणी सांडतंय, सुधारून द्यावं. केतकीनं विचारलं, "बाबांना हे माहीत होतं?" आता कुणाला विचारू? दर रविवारी "दिसतंय का" म्हणायचा तो चेहऱ्याबद्दल विचारत होता की या धारेबद्दल... मी दर वेळी नाही म्हटलं आणि तो पोहे आणायला गेला.

कॉम्प्युटर मी घरी आणला आहे. केतकीनं सगळ्यात जड फाईल दोन ठिकाणी ठेवून दिली आहे, आणि ग्रुपवरचा तो फोटो तिनं आपणहून काढला. मॉनिटर पुसायचा नाही असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आई हसली होती की नाही, ते दादा बरोबर घेऊन गेला. पण मला नवरा मिळाला त्या क्षणी तिनं लोट्याकडे बघितलं नव्हतं, एवढं आता मला माहीत आहे. तिकडे फरशी ओली होत होती.